बँकेतला कारकून आणि आपला मोबाईल कॅमेरा

मित्रहो, जॉर्ज ईस्टमन हे नाव आपल्या सिलॅबसमध्ये कुठंच येत नाही. पण हॉस्टेलवर रोज रात्री ज्या विषयावर वादावादी होते, त्या विषयाचा मूळपुरुष हाच. विषय अर्थातच मोबाईलचा कॅमेरा! कुणाचा किती मेगापिक्सेलचा, कुणाचा रात्रीचा फोटो स्वच्छ येतो, मागे भिंगं तीन हवीत की चार... मेसमधली भाजी थंड होते, पण वाद थंड होत नाही. एक पार्टी म्हणते, मोबाईलमधला कॅमेरा अजून सुधारलाच पाहिजे. दुसरी म्हणते, आहे तोच जास्त झालाय, त्यापेक्षा बॅटरी मोठी द्या. मी दोन्ही पार्ट्यांचं ऐकून घेतलं आणि ठरवलं की, ज्या माणसाने सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा दिला त्याचं आयुष्यच एकदा वाचून काढावं. या प्रश्नाचं उत्तर तिथं सापडतं का ते बघावं. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतोय.

ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ चा. गाव वॉटरव्हिल, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं. वडील व्यापारी शिक्षणाचं कॉलेज चालवायचे, म्हणजे हिशेब, पत्रव्यवहार वगैरे शिकवायचे. त्यासाठी कुटुंब जवळच्या रोचेस्टर शहरात आलं. पण १८६२ मध्ये वडील गेले. जॉर्ज तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता. कॉलेज बंद पडलं. घरात आई आणि दोन मोठ्या बहिणी, त्यातली एक पोलिओमुळे अपंग. आईने घरात पेइंग गेस्ट ठेवून संसार ओढला. तिचे कष्ट पाहून या मुलाने वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि एका विमा कंपनीत ऑफिसबॉयची नोकरी धरली. पगार आठवड्याला ३ डॉलर. पोलिओ झालेली बहीण १८७० मध्ये वारली.

आपल्याकडे अशी घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. मोठा मुलगा शिक्षण सोडून कामाला लागतो आणि मग त्याचं शिक्षण राहूनच जातं. ईस्टमनचंही कॉलेज राहिलंच. पण दिवसभर काम करून रात्री तो घरी अकाउंट्स शिकायचा. १८७४ मध्ये त्याला रोचेस्टरच्या एका बचत बँकेत कारकुनाची जागा मिळाली. पगार एकदम आठवड्याला १५ डॉलरच्या वर गेला. घराला बरे दिवस आले. इथंच गोष्ट संपायची, पण त्याला सुट्टीत सहलीला जायची हुक्की आली.

वय चोविशीच्या आसपास. सहल कॅरिबियन समुद्रातल्या सांतो दोमिंगोची. ऑफिसमधल्या कुणीतरी सुचवलं की जातोयस तर फोटो काढून आण. पठ्ठ्याने सगळं सामान विकत घेतलं. सामान म्हणजे काय, तर मोठ्या खोक्याएवढा कॅमेरा, जाडजूड तिकाटणं, काचेच्या प्लेट्स, केमिकलच्या बाटल्या, पाण्याचं भांडं आणि हे सगळं अंधारात करण्यासाठी चक्क एक तंबू! त्या काळी ओल्या प्लेटची पद्धत होती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूत पळत जाऊन डेव्हलप करायची. जरा उशीर झाला की काच वाया. हे शिकण्याचीच फी ५ डॉलर. आपल्या केमिस्ट्री लॅबचं एक अख्खं प्रॅक्टिकल डोंगरावर नेऊन करायचं म्हटलं तर कसं वाटेल, तसाच प्रकार.

सहल राहिली बाजूला. पण हे एवढं सामान वाहायचं कशाला, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घट्ट बसला. माझ्या मते त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाचं उत्तर आहे. फोटो अजून सुंदर कसा येईल, असं त्याने विचारलं नाही. फोटो आणि माणूस यांच्यामध्ये जे सामान येतंय ते हटवायचं कसं, हे त्याने विचारलं.

इंग्लंडमध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स नावाच्या डॉक्टराने १८७१ मध्ये कलोडियनऐवजी जिलेटीन वापरून कोरडी प्लेट करण्याची कल्पना मांडली होती. कोरडी प्लेट आधी तयार करून ठेवता येते, फोटो नंतर सावकाश घरी धुता येतो, तंबू लागत नाही. ईस्टमनने इंग्लिश फोटोग्राफीची मासिकं वाचली आणि आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. दिवसा बँक, रात्री जिलेटीन. कधीकधी तो चुलीजवळ जमिनीवरच झोपायचा. (सबमिशनच्या आदल्या रात्री ज्यांनी ड्रॉइंग हॉलमध्ये पथारी टाकलीय त्यांना हे चित्र लगेच दिसेल.) १८७९ मध्ये त्याने प्लेटवर सारखा थर देणाऱ्या यंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं, १८८० मध्ये अमेरिकेत. त्याच वर्षी रोचेस्टरच्या स्टेट स्ट्रीटवर एका इमारतीचा तिसरा मजला भाड्याने घेतला. १ जानेवारी १८८१ ला हेन्री स्ट्राँग या ओळखीच्या व्यापाऱ्याबरोबर भागीदारी झाली. बँकेत मात्र हक्काची बढती त्याला डावलून दुसऱ्याला दिली गेली आणि सप्टेंबर १८८१ मध्ये त्याने राजीनामा ठोकला.

आणि लगेच पहिलं संकट आलं. विकलेल्या प्लेट्स खराब निघू लागल्या. दुकानदारांकडे पडून राहिलेल्या प्लेट्सवर चित्रच उमटेना. नवी कंपनी, हातात पैसा थोडा, बाजारात नाव जेमतेम झालेलं. अशा वेळी सरळ हात वर करता आले असते. ईस्टमनने सगळा माल परत बोलावला आणि बदलून दिला. कारखाना बंद ठेवला. एकामागून एक शेकडो प्रयोग केले, इंग्लंडला जाऊन खात्रीचा फॉर्म्युला आणला. शेवटी दोष सापडला तो जिलेटीनमध्ये. पुरवठादाराकडून आलेलं जिलेटीनच वेगळं होतं.

यातली गंमत पुढे चाळीसेक वर्षांनी उलगडली. जिलेटीन हे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. कोडॅकच्याच प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास शोधून काढलं की, काही जिलेटीनमध्ये गंधकाची संयुगं अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात आणि त्यांच्यामुळेच फिल्मची प्रकाश टिपण्याची ताकद वाढते. ही संयुगं येतात मोहरीच्या जातीच्या झाडांतून. म्हणजे गाय कुरणात मोहरी खाते की नाही, यावर फोटो ठरायचा! मटेरियल सायन्स कंटाळवाणं आहे असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढची पायरी होती काच घालवण्याची. काच जड आणि फुटणारी. १८८५ च्या सुमारास ईस्टमन आणि विल्यम वॉकर यांनी रोल होल्डर काढला. काचेऐवजी कागदावर थर देऊन त्याची गुंडाळी करायची. कल्पना झकास होती. पण धंदेवाईक फोटोग्राफरांनी ती नाकारली. कारण सरळ होतं. कागदाचे तंतू फोटोत दिसायचे, काचेची सफाई त्याला नव्हती. जाणकारांच्या मते ईस्टमनचा माल काचेपेक्षा कमी दर्जाचा होता, आणि ते चुकीचं बोलत नव्हते.

इथं मला या माणसाचं खरं डोकं दिसतं. जाणकार घेत नाहीत, तर ज्यांनी आजवर कॅमेरा हातात धरलेलाच नाही त्यांच्याकडे जाऊ, असं त्याने ठरवलं. १८८८ मध्ये कोडॅक नावाचा कॅमेरा आला. कोडॅक या शब्दाला काहीही अर्थ नाही. ईस्टमनला के हे अक्षर आवडायचं, शब्द छोटा हवा होता, कुठल्याही देशात त्याचा उच्चार बिघडू नये असा हवा होता. बस्स. कॅमेऱ्यात शंभर फोटोंची गुंडाळी भरूनच मिळायची. किंमत २५ डॉलर. दोरी ओढायची, किल्ली फिरवायची, बटण दाबायचं. फोकस करायला काही नाही, आरपार बघायला व्ह्यूफाइंडरसुद्धा नाही. शंभर फोटो संपले की कॅमेरा तसाच पेटीसकट रोचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, छापून आणि कॅमेऱ्यात नवी गुंडाळी भरून परत यायचा. फोटो गोल, व्यास अडीच इंच. बटण दाबण्यापुरतं काम गिऱ्हाईकाचं, उरलेलं सगळं कंपनीचं, अशा अर्थाची त्याची जाहिरात जगभर गाजली.

आता जरा थांबून आपला मोबाईल खिशातून काढा. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असतो. त्यावरचा एकेक पिक्सेल १ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जेमतेम दुप्पट. एवढ्याशा जागेत प्रकाश तो किती मावणार? म्हणून मोबाईल एका बटणात अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर जुळवतो आणि सरासरी काढतो. नॉइज जर निव्वळ रँडम असेल तर ९ फोटोंची सरासरी घेतल्यावर तो एक तृतीयांश होतो, हे आपण सगळे स्टॅटिस्टिक्समध्ये शिकलोय. मग रंग, उजेड, चेहरे, सगळ्यांवर हात फिरवून तो फोटो आपल्याला दाखवतो. म्हणजे १८८८ मध्ये जो उरलेला भाग रोचेस्टरच्या कारखान्यात व्हायचा आणि त्यासाठी टपालाची वाट बघावी लागायची, तोच आता खिशातल्या चिपवर डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतो. २०० मेगापिक्सेलचे मोबाईल बाजारात आहेत, पण त्यातले बरेचसे नेहमीचा फोटो घेताना १६ पिक्सेल एकत्र करून एकच धरतात. हातात येतो तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. आणि तोही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की दाबून लहान होतो. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलून घरून जादा पैसे मागवणाऱ्यांनी एवढं गणित जरूर करावं. ईएमआय बापाच्या पगारातून जातो.

परत रोचेस्टरला येऊ. १८८९ मध्ये कागदही गेला. हेन्री रायकेनबाख या तरुण केमिस्टला ईस्टमनने कामाला लावलं होतं. त्याने नायट्रोसेल्युलोजची पारदर्शक, लवचीक फिल्म तयार केली. हीच फिल्म एडिसनच्या प्रयोगशाळेने हलत्या चित्रांसाठी वापरली आणि तिच्यातूनच ३५ मिलिमीटरची फिल्म आली. आपला धागाही इथंच जुळतो. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, तिथं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर नोंदवली. १९१३ च्या राजा हरिश्चंद्रच्या मागे नाशिकच्या माणसाची जिद्द होती, तशी रोचेस्टरची फिल्मही होती.

पण मित्रहो, कुणाचं चरित्र लिहायचं म्हणजे फक्त आरती ओवाळायची नाही. या फिल्मच्या गोष्टीला काळी बाजू आहे. न्यूअर्क शहरात हॅनिबल गुडविन नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी असल्याच फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्ये, म्हणजे ईस्टमनच्या कंपनीच्या आधी, अर्ज केला होता. वाद चालत राहिला आणि पेटंट मिळायला १८९८ उजाडलं. १९०० मध्ये गुडविन वारले. त्यांचे हक्क ज्या कंपनीकडे गेले तिच्याबरोबर खटला चालला आणि १९१४ मध्ये ईस्टमनच्या कंपनीला ५० लाख डॉलर मोजावे लागले. पुढे १९१५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने कोडॅकला बेकायदा मक्तेदारीसाठी दोषी ठरवलं. स्वयंपाकघरात झोपणारा पोरगा मोठा झाल्यावर दुसऱ्या स्वयंपाकघरांना वाढू देत नव्हता, असाच याचा अर्थ. आज मूठभर कंपन्यांच्या हातात मोबाईल, सेन्सर आणि फोटो ठेवायची जागा, सगळं एकवटलेलं दिसतं, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

दुसरी काळी बाजू तुमच्या-माझ्या जास्त जवळची आहे. कोडॅक निघाल्यावर लोक समुद्रकिनाऱ्यावर, रस्त्यावर कुणाचेही फोटो न विचारता काढू लागले. लोक इतके वैतागले की १८९० मध्ये वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात माणसाच्या खाजगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यांच्या तक्रारीत असे झटपट फोटोही होते. खाजगीपणाच्या कायद्याची चर्चा करताना आजही या लेखाचं नाव निघतं. झोपलेल्या रूममेटचा तोंड उघडं असलेला फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या वीरांनी लक्षात घ्यावं, की या खोडीला सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि तेव्हाही ती कुणाला आवडली नव्हती.

१९०० मध्ये ब्राउनी आला. फ्रँक ब्राउनेल यांनी केलेला पुठ्ठ्याचा डबा, पुढे साधं भिंग. किंमत फक्त १ डॉलर! सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेला हा कॅमेरा पहिल्याच वर्षी लाखाहून जास्त खपला. तांत्रिकदृष्ट्या बघाल तर ब्राउनी १८८८ च्या कोडॅकपेक्षाही साधा. पण २५ डॉलरचा कॅमेरा ज्यांनी फक्त काचेआड बघितला होता, त्यांच्या घरात आता बारशाचे, सहलीचे, म्हाताऱ्यांचे फोटो आले. १९३० मध्ये कंपनीला ५० वर्षं झाली म्हणून त्या वर्षी बाराव्या वर्षात पोचलेल्या मुलांना ५ लाख कॅमेरे फुकट वाटले. यात धंद्याची अक्कल होती हे उघड आहे, फिल्म पुढे विकतच घ्यावी लागणार. पण पाच लाख पोरांच्या हातात कॅमेरा आला हेही तितकंच खरं.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. आईची आई. तिचा एकच फोटो घरात आहे. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. मागच्या रांगेत, डोक्यावर पदर, चेहरा शेंगदाण्याएवढा. आई तो चेहरा मोठा करून घ्यायला स्टुडिओत गेली होती, पण मोठा केला की नुसते ठिपके दिसतात. माझ्या आजीला कॅमेरा मिळाला नाही असं नाही, तिच्यासमोर कुणी कॅमेरा धरलाच नाही, कारण तो लग्नातच यायचा आणि नवरा-नवरीसाठी यायचा. तेव्हा कॅमेरा आणखी चांगला हवा की नको, या प्रश्नावर माझं उत्तर आधी असं आहे की कुणाचा कॅमेरा ते सांगा. लाखाच्या मोबाईलमध्ये चंद्राचे खड्डे दिसले नाहीत म्हणून कुणाचं अडलेलं नाही. दहा हजारांच्या मोबाईलमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात, आईच्या थरथरत्या हाताने काढलेला फोटो नीट यायला मात्र अजून वाव आहे.

रंगाचंही तसंच. ईस्टमननंतर, रंगीत फिल्मच्या जमान्यात, कोडॅक फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड द्यायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. तिच्या नावावरून त्याला शर्ली कार्डच म्हणायचे. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. मग सावळ्या माणसांचे चेहरे काळपट डाग दिसले तरी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. असं सांगतात की, चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी आपल्या मालाचे रंग नीट येत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा तपकिरी रंगांकडे जास्त लक्ष गेलं. वेगवेगळ्या वर्णाच्या माणसांची कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्या मोबाईलमध्ये आज उलटी तऱ्हा आहे. ब्यूटी मोड लावला की सावळा माणूस गोराच होतो! माझा रंग आईवर गेलाय, तो मला मोबाईलने बदलून नकोय. अशा ठिकाणी कॅमेरा सुधारणं म्हणजे भिंग वाढवणं नव्हे, आपण जसे आहोत तसे दाखवणं.

ईस्टमनच्या स्वभावाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. त्याने लग्न केलं नाही. आईजवळच राहिला. १९०७ मध्ये आई गेली तेव्हा हा कठोर मानला जाणारा माणूस ढसाढसा रडला. रोचेस्टरमध्ये त्याने प्रचंड घर बांधलं होतं. त्यातल्या मधल्या दालनाचं प्रमाण त्याला पटेना, म्हणून १९१९ मध्ये अख्खं घर कापून दोन तुकडे केले, मागचा तुकडा रुळांवरून ९ फूट ४ इंच मागे सरकवला आणि मधली जागा बांधून काढली. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी. महिने कमी-जास्त दिवसांचे असतात हेही त्याला खटकायचं. म्हणून २८ दिवसांच्या १३ महिन्यांचं कॅलेंडर त्याने आपल्या कंपनीत लावलं, ते १९८९ पर्यंत चाललं.

आणि पैसा? कमावला तसा वाटलाही. कामगारांना नफ्यातला वाटा त्याने १९१२ पासून द्यायला सुरुवात केली. १९१९ मध्ये स्वतःच्या शेअरपैकी एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १ कोटी डॉलरचे, कामगारांना दिले. रोचेस्टरचं विद्यापीठ, संगीताचं विद्यालय, कृष्णवर्णीयांची टस्कीगी आणि हॅम्प्टन ही विद्यालयं, लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स, स्टॉकहोम इथली मुलांची दंतचिकित्सालयं, अशी मोठी यादी आहे. एकूण दान १० कोटी डॉलरच्या वर गेलं.

आपल्यासाठी त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची. बोस्टनजवळच्या एमआयटीला १९१२ मध्ये नवं कॉलेज बांधायला पैसा हवा होता. मिस्टर स्मिथ या नावाने कुणीतरी २५ लाख डॉलर दिले. पुढेही देत राहिला. खरं नाव काय, यावर विद्यार्थ्यांमध्ये अनेक वर्षं पैजा लागायच्या. १९२० मध्ये उलगडा झाला, मिस्टर स्मिथ म्हणजे जॉर्ज ईस्टमन! एकूण दान सुमारे २ कोटी डॉलर. तो स्वतः एमआयटीत शिकला नव्हता, कुठल्याच कॉलेजात शिकला नव्हता. पण त्याच्या हाताखालचे एमआयटीचे इंजिनिअर उत्तम काम करत होते, तेवढं त्याला पुरेसं होतं. एमआयटीत त्याच्या चेहऱ्याची धातूची पाटी आहे. परीक्षेत नशीब साथ देईल म्हणून पोरं तिचं नाक घासतात आणि ते नाक घासून घासून चकाकतंय. केटीची भीती जगात सगळीकडे सारखीच!

शेवट मात्र दुःखद आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. म्हातारपणी त्याला मणक्याचा आजार झाला. चालणं अवघड झालं, वेदना थांबेनात. १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. काही लेखांत हे त्याच्या शिस्तीच्या स्वभावाला साजेसं म्हणून कौतुकाने लिहिलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही. अपार वेदना आणि मोठ्या घरातलं एकटेपण, यात कौतुक कसलं? आपल्या शेजारच्या रूममधला कुणी अचानक गप्प झाला, मेसला यायचा बंद झाला, तर दार वाजवा, शेजारी बसा, सरांना सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे, तो फुकट आहे.

ईस्टमन गेल्यावर त्याच्या कंपनीचं काय झालं हेही बघण्यासारखं आहे. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा बनवला. १०० गुणिले १०० पिक्सेल, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. पण फिल्मचा धंदा इतका जोरात होता की कंपनीने डिजिटलवर सगळा भार टाकलाच नाही. नोव्हेंबर २००० मध्ये जपानात शार्प कंपनीचा कॅमेरावाला फोन आला, १ लाख १० हजार पिक्सेलचा. फोटोची प्रत फिल्मच्या जवळपासही नव्हती. पण वेगळं सामान बाळगायची गरज संपली होती. तंबू हटवणाऱ्या ईस्टमनने हा फोन पाहिला असता तर त्याला लगेच कळलं असतं. त्याच्या कंपनीला ते वेळेत कळलं नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१३ मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली, पण खूपच लहान होऊन.

तर आता वादाचा निकाल. मोबाईलला आणखी चांगला कॅमेरा हवा का? हवा. पण चांगला म्हणजे काय, हे खोक्यावरच्या आकड्याने ठरवू नये. काल ज्याला फोटो काढता येत नव्हता त्याला आज येतो का? स्वस्त मोबाईलमध्ये येतो का? अंधाऱ्या घरात येतो का? सावळा चेहरा सावळाच येतो का? या चार प्रश्नांना हो म्हणणारा कॅमेरा चांगला. आणि पाचवा प्रश्न मी माझ्या पदरचा जोडतो. तो फोटो पन्नास वर्षांनी सापडेल का? ईस्टमनच्या काळातले फोटो अजून लोकांच्या पेट्यांत आहेत, त्याच्या घराचंच संग्रहालय झालंय. आपले हजारो फोटो मात्र मोबाईल बदलला, पासवर्ड विसरला की गेलेच. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? साध्या माणसाचे फोटो स्वस्तात, वर्षानुवर्षं आणि दुसऱ्याच्या मेहेरबानीवर न राहता कसे टिकवायचे, हा विषय घ्या.

तोपर्यंत एक घरगुती उपाय आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवा. कुठलाही मोड लावू नका. एक फोटो काढा आणि गावातल्या स्टुडिओतून तो छापून घ्या. मागे त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.